गणवीर मास्तरांची निळी रेघ

आमच्या शाळेच्या स्मरणिकेसाठी माझ्याकडून तीनदा लेख मागवले आणि तिन्ही वेळा मी लिहून दिले. पहिला संस्कृतच्या शास्त्रीबुवांवर, दुसरा घंटा देणाऱ्या शिपायावर, तिसरा आवारातल्या कडुनिंबावर. झाडावर लिहिलं, पण गणवीर मास्तरांवर लिहिलं नाही. एखाद्या जुन्या विद्यार्थ्यानं विचारलंच, "सर, तुमच्या वेळी एक ड्रॉइंग मास्तर होते ना? त्यांचं काय झालं?" तर मी म्हणायचो, "गेले ते अल्लीपूरकडे," आणि त्याच्या मुलाबाळांची चौकशी करायचो. साठ वर्षं असं चाललं. आता वय अठ्ठ्याऐंशी आहे, आणि मला माझी किळस येते. ही म्हातारपणाची चिडचिड नव्हे. ही किळस सव्विसाव्या वर्षापासूनची आहे, फक्त तेव्हा ती गिळता येत होती.

आणखी एक सांगून टाकतो. त्या दिवसांत मी त्यांना तोंडावर 'तुम्ही' म्हणायचो आणि मनात 'तो' म्हणायचो. आज लिहिताना आपोआप 'ते' येतं. त्याचा आता कोणाला काही उपयोग नाही.

सिंदीच्या शाळेत मी मराठी शिकवायला लागलो त्याच वर्षी शामराव गणवीर ड्रॉइंगला आले. उंच, खांद्यात जरा वाकलेले, आणि अंगाला कायम जवसाच्या तेलाचा वास. आमच्याकडे जवसाचं तेल चटणीवर घेतात, मास्तर त्यात रंग घोटायचे. विकतच्या नळ्या परवडत नसत. म्हणून गेरू, हळद, काजळी आणि धोतराला द्यायची नीळ, असा त्यांचा सगळा बाजार. काम करता करता ब्रश कानामागे खोचायची सवय होती, त्यामुळे उजव्या कानाची पाळी सदा निळी. वऱ्हाडीत 'ळ'चा 'य' होतो, निळ्याला निया म्हणतात. पोरांनी त्यांचं नाव नियाकान्या ठेवलं होतं. त्यांना ते माहीत होतं. हजेरी घेताना एखादा दांडी मारलेला दिसला की म्हणायचे, "त्याले सांगजो, नियाकान्यानं आठोन काढली."

हे नाव त्रेपन्न सालचं आहे, हे लक्षात ठेवा. पुढं त्याला महत्त्व आहे, आणि पुढं ते कोणालाही आठवलं नाही.

त्यांचा एक तास मी स्वतः पाहिला. डिसेंबरचे दिवस, सरकी काढायच्या कारखान्यात, म्हणजे जिनाच्या आवारात, कापसाचे डोंगर लागलेले. जिन बापूसाहेबांचं. बापूसाहेब म्हणजे आमच्या शाळेचे अध्यक्ष. मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, गेली होती, पण मालगुजार कुठं गेला नव्हता. मास्तरांनी आठवीचा वर्ग आणून कापसाच्या गंजीसमोर उभा केला.

"कापूस पांढरा दिसते त्यानं हात वर करा."

सगळे हात वर.

"आता हात खाली घ्या आन् पाहा. तोंड बंद, डोये उघडे."

पोरं पाहत राहिली. दहा मिनिटांनी एकजण म्हणाला, खाली सावलीत निया आहे. दुसरा म्हणाला, वरून पिवया. विटांच्या भिंतीजवळ तिसऱ्याला गुलाबी सापडला. मग पोरं भांडायलाच लागली.

"मंग पांढरा कुठी आहे?" मास्तरांनी विचारलं. कोणालाच दाखवता येईना. "नाई ना? पांढरा फक्त डब्यात असते."

तेवढ्यात बापूसाहेब काठी टेकत आले. "काऊन मास्तर, पोरं कापूस चोरून राह्यली काय?"

"नाई साहेब, रंग चोरून राह्यली. तुमचं काई कमी होत नाई."

बापूसाहेब खो खो हसले. माझी खात्री आहे, या माणसाकडून आपलं चित्र काढून घ्यायचं हे त्यांनी तिथंच ठरवलं. मात्र ते प्रत्यक्ष व्हायला तीन वर्षं जायची होती. त्याआधी मास्तरांनी माझं चित्र काढलं.

त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेलो ते पंचावन्नच्या हिवाळ्यात, एका रविवारी. वस्ती गावाच्या शेवटाला होती. मी ब्राह्मणाच्या घरातला. रस्त्यानं न जाता वावरातून गेलो. कारण विचारलं असतं तर सांगितलं असतं, जवळ पडतं म्हणून. खोली एवढीशी, सारवलेली. भिंतीवर कणकेची खळ लावून अकरा कागद चिकटवलेले. नदीवरचा पूल, छत्री घेतलेली बाई, फुलानं वाकलेली फांदी, एका मासेवाल्याची पाठ. कशालाच सावली नव्हती. प्रत्येक आकाराला एक रेघ, आणि रेघेच्या आत एकच सपाट रंग. पण ती बाई पावसात भिजते आहे हे मला दारातूनच कळलं.

"जपानी आहेत," मास्तर म्हणाले. त्यांचे वडील वर्ध्याजवळ एका आश्रमात सफाईला होते. तिथं लढाईच्या आधी एक जपानी भिक्षू राहायचा, हातातलं डफासारखं वाद्य वाजवत फिरायचा. त्याला मराठी येत नव्हतं, वडिलांना जपानी येत नव्हतं, तरी दोघं सोबत झाडलोट करायचे. लढाई लागली आणि सरकारनं त्याला धरून नेलं. जाताना त्यानं चित्रांचं हे पुडकं वडिलांच्या हातात दिलं. "बापानं तेरा वर्सं धान्याच्या कोठीत ठेवले. म्हने, त्याचे आहेत, तो येईन."

त्या अकरांच्या मधोमध एक बारावा कागद होता, कुठल्या तरी परदेशी मासिकातून फाडलेला. चित्रकाराचं नाव असलेली कड गेली होती. गवती टोपी घातलेला एक साधा दाढीवाला माणूस समोर तोंड करून बसलेला, हात पोटाशी जुळवलेले, जसा आपला एखादा ओळखीचा दुकानदार दुपारी बसतो तसा. आणि त्याच्या मागची भिंत अशाच जपानी चित्रांनी गच्च भरलेली. मला वाटलं होतं गोऱ्यांची चित्रं फोटोसारखी गुळगुळीत असतात. इथं दाढीत हिरवा होता, हातांत लाल होता, कोटाला निळा, आणि ब्रशचे फटकारे उघडे, एकाशेजारी एक.

"हा गोरा जपानात गेला नसन," मास्तर म्हणाले. "भितीवरचे कागद पाहून पाहूनच शिकला. आपनही तसंच. मास्तर, चेहरा म्हंजे वावर आहे. जमीन जिकडं वळते तिकडून नांगराचा तास धरा लागते. या दाढीचे तास पाहा, खाली उतरून राह्यले. कपाळाचे आडवे आहेत. आडव्या कपाळावर उभा तास मारला का मानूस मेला."

"आणि हिरवा? माणसाच्या तोंडावर हिरवा कुठून आला?"

"तोंडावरचा भाव तोंडावर नसते. तो बाजूच्या रंगात असते. लालाच्या बाजूले हिरवा ठेवला का लाल बोलाले लागते. तुमी म्हनाल तर काढून दाखवतो. बसा."

मी बसलो. चार रविवार बसलो. प्रत्येक रविवारी त्यांची बायको पारबताबाई पितळी फुलपात्र घासून, काठोकाठ पाणी भरून माझ्या उजव्या हाताशी तिपाईवर ठेवायची आणि आत जायची. प्रत्येक रविवारी मी ते तसंच ठेवून उठायचो. पहिल्यांदा म्हणालो, आत्ताच प्यालोय. दुसऱ्यांदा म्हणालो, घसा धरलाय. तिसऱ्यांदा काही म्हटलं नाही, कारण कोणी विचारलंच नाही. ती बाई चौथ्या रविवारीही ठेवून गेली.

चित्र चहाच्या खोक्याच्या फळीवर होतं. पूर्ण झालं तेव्हा मास्तरांनी ते माझ्याकडे वळवलं आणि स्वतः दुसरीकडे पाहू लागले. पिवळ्या भिंतीसमोर मी, खाली कोपऱ्यात तारीख. टोपीपासून खांद्यापर्यंत नीळ घोटलेली एक सलग जाड रेघ, त्या छत्रीवाल्या बाईला होती तशी. कपाळाचे तास आडवे, गालांचे खाली उतरणारे. डोळे नीट माझेच, पण ते पाहणाऱ्याकडे पाहत नव्हते, किंचित खाली, उजवीकडे पाहत होते. आणि उजवीकडे ते फुलपात्र, काठोकाठ भरलेलं, त्यालाही तीच निळी रेघ. सबंध चित्रात सर्वांत उजळ तेच होतं.

"आवडलं काय?" त्यांनी विचारलं.

"छान आहे," मी म्हणालो. सदऱ्याखाली... नाही, खरं लिहायचं ठरवलंय तर खरंच लिहितो. पोत्यात गुंडाळून, वावरातूनच घरी आणलं आणि धान्याच्या कोठीमागं भिंतीकडे तोंड करून ठेवलं.

पुढच्या वर्षी दसऱ्याला मास्तर आणि पारबताबाई नागपूरला गेले आणि बौद्ध होऊन आले. शाळेत शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांचे कप एका फळीवर असत. मास्तरांचा कान तुटलेला कप खिडकीत वेगळा. तसं कोणी सांगितलेलं नव्हतं, तो तिथं होता एवढंच. नागपूरहून आल्यावर पहिल्याच दिवशी त्यांनी आपला कप धुतला आणि शांतपणे फळीवर, इतरांच्या रांगेत ठेवला. दुसऱ्या दिवसापासून सगळ्या मास्तरांना एकदम पित्त झालं. चहा कोणालाच चालेना. चार महिने ती खोली कोरडी होती. मी हसून लिहितो आहे असं वाटत असेल, तर नाही. मलाही पित्त झालं होतं.

त्याच सुमारास बापूसाहेबांनी आपलं चित्र सांगितलं. नव्या सभागृहात लावायचं होतं, जानेवारीतल्या संमेलनात उघडायचं होतं. हेडमास्तरांनी नागपूरचा एक फोटोवाला सुचवला. बापूसाहेब म्हणाले, "नाई. गणवीरच काढन."

त्यांचा एकुलता एक मुलगा त्या पावसाळ्यात विषमज्वरानं गेला होता. तेव्हापासून ते जिनात येत, बसत, आणि कोणाशी बोलत नसत. मास्तर रोज दुपारी त्यांच्यासमोर बसून काम करायचे. मी एकदा निरोप घेऊन गेलो होतो. बापूसाहेब खिडकीतून कापसाकडे पाहत होते आणि मास्तरांचा ब्रश चालत होता. बाहेर आल्यावर मी विचारलं, "डोळ्यांखाली हिरवं काय लावताय? लोक काय म्हणतील?"

"तो मानूस चार महिन्यांपासून झोपला नाई. न झोपल्याचा रंग कोनता असते ते तुमी सांगा, तोच लावतो."

संमेलनाच्या दिवशी दुपारी चित्रावरचं कापड ओढलं. सभागृहात साडेतीनशे माणूस असेल. मागून कोणीतरी हसलं.

मी ते चित्र नीट पाहिलं होतं, म्हणून सांगतो. पिवळ्या, तुरीच्या फुलासारख्या पिवळ्या भिंतीसमोर एक म्हातारा. धोतर पांढरं नाही, जिनातल्या कापसासारखं निळं, गुलाबी, पिवळं. हात मांडीवर, एकात एक घातलेले, तळव्यात काहीतरी धरायचं राहून गेल्यासारखे. डोळ्यांखाली हिरवं. मिशांचे तास खाली उतरणारे. आणि पागोट्यापासून जोड्यांपर्यंत ती निळी रेघ, जणू तेवढ्या रेघेनंच तो माणूस सांडायचा राहिला होता. गावाला पागोटं दिसलं, मिशी दिसली, हिरवं दिसलं. बाप दिसला नाही.

बापूसाहेब मात्र उठून चित्राजवळ गेले. बराच वेळ उभे राहिले. मास्तर बाजूला होते.

"मी असा दिसतो काय?"

"हो साहेब."

"केव्हापासून?"

"आखाडापासून."

मुलगा आषाढात गेला होता. बापूसाहेबांचा हात काठीवर हलला. ते काहीतरी बोलणार होते. त्याच क्षणी हेडमास्तर त्यांच्या कानाशी वाकले. मी दोन हातांवर होतो, मला स्वच्छ ऐकू आलं.

"साहेब, निळा पाहिला का? चहूकडून निळ्यानं बांधलंय तुम्हाला. हा नागपूरहून आणलेला निळा आहे."

एवढंच. त्या हिवाळ्यात निळा हा गावात रंग राहिलाच नव्हता. वस्तीवर निळे झेंडे लागले होते, आणि गावाला स्वप्नातसुद्धा तेच दिसत होते. दिवे लागायच्या आत सगळ्या बाजारात बोभाटा झाला होता की गणवीरनं मालगुजाराला झेंड्यात गुंडाळला. ज्यांनी चित्र पाहिलं नव्हतं ते जास्त संतापले होते. ज्या पोरांनी चार वर्षं त्यांना नियाकान्या म्हटलं, त्यांना कोणी विचारलं असतं तर एका मिनिटात निकाल लागला असता. पण पोरांना कोण विचारतो?

आठ दिवसांनी चौकशी झाली. आदल्या दिवशी हेडमास्तरांनी मला खोलीत बोलावलं. दार लावून घेतलं. "देशकर, तुम्ही त्याच्या घरी जात होतात अशी बोलवा आहे. खाणं-पिणं होतं म्हणतात."

"पाण्याचा थेंब घेतला नाही," मी म्हणालो. हे मी अभिमानानं म्हणालो. त्या वाक्याची चव अजून तोंडात आहे, कुजलेल्या दातासारखी.

"मला वाटलंच. उद्या काय विचारतील त्याला सरळ उत्तर द्या. तुमचं घराणं मोठं आहे, नाव खराब होऊ देऊ नका."

चौकशी जिनाच्या कचेरीत, सकाळी अकराला. बापूसाहेब, हेडमास्तर, कमिटीचे दोघे, मास्तर आणि मी. हेडमास्तरांनी विचारलं, "हा निळा कुठला?"

"नीळ आहे," मास्तर म्हणाले. "साहेब, तुमी धोतराले देता ना, तेच. त्याच दुकानातली."

कमिटीतला एकजण फिस्सकन हसला आणि हेडमास्तर लाल झाले. "थट्टा सुचतेय? रेघ कशाची आहे?"

"जपानी रीत आहे. सावली नाई काढत ते, रेघ काढतात. मी पयल्यापासून तशीच काढतो."

"पहिल्यापासून म्हणजे दीक्षेच्या आधीपासून?"

"लय आधीपासून."

"दाखवा मग."

मास्तरांकडे दाखवायला काही नव्हतं. शाळेत ते शिकवायचे, ठोकळे आणि सुरया काढून घ्यायचे. फळ्या मिळायच्या नाहीत, एकावर दुसरं चित्र काढायचे. आधीचं, तारखेचं, दुसऱ्याच्या ताब्यातलं असं जगात एकच चित्र होतं.

आता बापूसाहेब खुर्चीत पुढं सरकले आणि माझ्याकडे वळले. "देशकर मास्तर, तुमी त्यांच्यासंगं असता. तुमी सांगा. यानं याच्या आधी कोन्या मानसाचं चित्र निया रेघेचं काढलेलं तुमी पाह्यलं काय?"

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं हसू आलं होतं. प्रश्न योग्य माणसाला विचारला गेला होता. मी घरी जाऊन कोठीमागून फळी आणायची, एवढंच काम होतं. पंधरा मिनिटांचं.

आणि मला ती फळी त्या टेबलावर दिसली. मी त्या घरात बसलेला. माझे खाली पाहणारे डोळे. ते फुलपात्र. माझ्या लोकांनी ती पाहिली असती तर म्हणाले असते, हा तिथं बसला होता. दुसऱ्या कोणी पाहिली असती तर म्हणाले असते, आणि पाणी प्यायला नाही. दोन्हीकडून मी नागडा.

"नाही," मी म्हणालो.

तिथंच थांबायला हवं होतं. कोणी विचारलं नसताना मी पुढं बोललो, "दीक्षा घेतल्यानंतरच ते सुरू झालं असावं."

मी व्याकरण शिकवणारा माणूस. 'असावं' म्हटलं की खोटं पडत नाही, हे मला माहीत होतं. त्या एका क्रियापदात माणूस लपू शकतो. हेडमास्तरांनी वहीत लिहिलं, 'दीक्षेनंतरच सुरू झाले.' असावं गेलं. वही माझ्यापुढं आली. मी सही केली.

"गणवीर, तुमचं काही म्हणणं?"

मास्तर एक शब्द बोलले असते, 'त्याच्या घरी पाहा,' तर शिपाई पाठवून पंधरा मिनिटांत मी उघडा पडलो असतो. त्यांचं हसू मावळलं होतं. ते माझ्याकडे पाहत राहिले, त्यांच्या पद्धतीनं, रंग शोधत असल्यासारखे. मग म्हणाले, "काई नाई. देशकर मास्तरनं पाह्यलं नसन."

नसन. म्हणजे नसेल, नसावं. त्यांनीही माझंच रूप वापरलं. माझं 'असावं' मला वाचवायला होतं. त्यांचं 'नसन'सुद्धा मलाच वाचवायला होतं.

बापूसाहेब खुर्चीत मागं टेकले आणि म्हणाले, "मंग काय राह्यलं?" त्यांचा आवाज मला तेव्हा रागाचा वाटला.

महिन्याच्या आत मास्तर सिंदी सोडून अल्लीपूरला गेले, पारबताबाईंच्या भावाकडं. सभागृहात गुलाबी गालांचा फोटो लागला. शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांचं पित्त एकाच दिवशी बरं झालं. ते मी डोळ्यांनी पाहिलं: किटली आली, कप भरले, माझाही भरला, आणि खिडकीत तो कान तुटलेला कप कोणीतरी पुन्हा नेऊन ठेवलेला. मी चहा प्यालो. गरम होता, चांगला होता.

फळीचं काय केलं? काही केलं नाही. जाळायला धीर नव्हता, ठेवायला लाज वाटे. कोठीमागं तशीच राहू दिली. पावसाळ्यात वाळवी लागली. एकदा काढून पाहिलं तर चेहरा गेला होता, फुलपात्र होतं. परत ठेवली. पुढच्या पावसाळ्यापर्यंत तेही गेलं.

एकोणसाठच्या उन्हाळ्यात बापूसाहेब वारले. भेटायला गेलो तर त्यांच्या भाच्यानं मला आतल्या खोलीत नेलं. पलंगासमोर भिंतीवर, निजल्यानिजल्या दिसेल असं, मास्तरांनी काढलेलं चित्र लावलेलं होतं. पिवळी भिंत, डोळ्यांखाली हिरवं, निळी रेघ.

"हे इथं कसं?" मी विचारलं.

"मामानं त्याच दिवशी उचलून आनलं. कोनाले आत येऊ देत नव्हते. म्हनायचे, माहा पोरगा गेला ते गावात एकालेच दिसलं." मग तो सहज म्हणाला, "मामाले ठेवाचंच होतं मास्तरले शाळेत. म्हने, मी देशकरले इचारलं होतं, पन त्यानंच नाई म्हटलं."

म्हणजे खुर्चीत पुढं सरकून त्यांनी जो प्रश्न विचारला होता तो सापळा नव्हता. तो हात होता. हेडमास्तरांसमोर, गावासमोर त्यांना आधारापुरतं एक 'हो' हवं होतं, आणि ते 'हो' माझ्याकडून हवं होतं. मला परसात जाऊन ओकारी आली. लोकांना वाटलं, बापूसाहेबांवर फार जीव होता.

तिसऱ्या दिवशी मी अल्लीपूरला निघालो. सिंदीहून वर्ध्यापर्यंत रेल्वेनं, तिथून एसटीनं. वाटेत वाक्य पाठ करत होतो. मी भाषेचा मास्तर. चांगलं वाक्य बांधलं होतं, कर्ता-कर्म ठिकाणावर, कुठं 'असावं' नाही. उतरलो तेव्हा ऊन मी म्हणत होतं. गावाबाहेर एक छोटं विहार नवीन बांधलेलं, अजून दाराला चौकट नव्हती. आत बांबूच्या माचीवर मास्तर पाठमोरे उभे होते. भिंतीवर बुद्धाचा चेहरा होत आला होता. सपाट पिवळा रंग, झाकलेले डोळे, पापणीखाली किंचित हिरवा, आणि कपाळापासून खांद्यापर्यंत एकच निळी रेघ. तीच. पळसाच्या मुळीचा ठेचलेला कुचा घेऊन ते ती ओढत होते.

"मास्तर," मी म्हणालो.

त्यांनी वळून पाहिलं नाही. रेघ मधे सोडता येत नाही. पूर्ण झाल्यावर वरूनच म्हणाले, "आवाज वळखला. उन्हात आले? पारबता, देशकर मास्तरले पानी दे."

पारबताबाई आली. तेच फुलपात्र, घासलेलं, काठोकाठ. तिनं ते माझ्या हातात दिलं नाही, शेजारच्या विटांवर ठेवलं आणि उभी राहिली. मी उचललं आणि एका दमात प्यालो. थेंब ठेवला नाही. तिनं रिकामं फुलपात्र उचललं, आत पाहिलं, आणि गेली.

"काऊन येनं केलं?"

"इकडे काम होतं," मी म्हणालो. "बापूसाहेब गेले."

कुचा थांबला. "झोपला म्हना शेवटी तो मानूस."

"तुमचं चित्र त्यांच्या पलंगासमोर होतं. दोन वर्षं."

"मंग त्याले दिसलं तर," मास्तर म्हणाले. आवाजात आनंद होता, साधा, कामाचा आनंद. मी पुढं काही बोलेन म्हणून थांबले. मी भिंतीकडे पाहत राहिलो. तेवढ्यात पाराजवळ एसटीचा भोंगा वाजला.

"गाडी तुमची," ते म्हणाले. "परतीची तेच आहे. जाजो सांभाळून." आणि कुचा कानामागे खोचून, त्या निळ्या पाळीवर आणखी निळं चढवून, पुन्हा भिंतीकडे वळले. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते असं: घामानं ओली पाठ, निळा कान, आणि त्यांच्यापलीकडे डोळे मिटलेला तो चेहरा.

एसटीत बसल्यावर मला फार हलकं वाटलं. वाटलं, पाणी प्यालो, म्हणजे सगळं सांगून झालं. त्यांनाही कळलं असावं. वर्ध्यापर्यंतसुद्धा ते हलकेपण टिकलं नाही. बाहेर ऊन होतं, मी सकाळपासून काही घेतलं नव्हतं. मी तहान लागली म्हणून प्यालो होतो. त्यात माफी कुठं होती?

पुढं मी त्याच शाळेत हेडमास्तर झालो. पंचवीस वर्षं पोरांना क्रियापदाची रूपं शिकवली, निरोपाच्या समारंभात सत्यावर भाषण केलं, टाळ्या घेतल्या. अल्लीपूर पुन्हा गाठलं नाही. मास्तर गेल्याचं बऱ्याच वर्षांनी कळलं, तेही बाजारात, कोणाच्या तरी तोंडून, भाव विचारता विचारता.

एसटीत पाठ केलेलं वाक्य अजून पाठ आहे. फार लांब नव्हतं. विहारात माचीखाली उभा राहून, वर पाहून, एवढंच म्हणायचं होतं:

मास्तर, मी पाहिलं होतं. ते चित्र माझ्या घरी होतं. मला माफ करा.